खुर्चीपुरतं इंग्रजी

हॉटेलच्या तळघरात लाँड्रीला लागून एक लहान खोली होती आणि त्या खोलीत एक खुर्ची होती. काळ्या रेक्झिनची, चाकांची, एका हाताचं कातडं सोललेली. तिच्यासमोर टेबल, टेबलावर टेलिफोन. वरच्या मजल्यांवरून गेस्ट लोक फोन करायचे. टॉवेल पाठवा, जास्तीची उशी पाठवा, माझा शर्ट कुठे अडकलाय? खुर्चीत बसलेली मुलगी ऐकून घ्यायची, गोड बोलायची आणि ज्याचं काम त्याच्याकडे सरकवून द्यायची. सगळं बसल्या बसल्या.

प्रेसवाली कित्येक वर्षं दाराच्या फटीतून त्या खुर्चीकडे बघत आली होती. तिला हॉटेलात सगळे प्रेसवालीच म्हणत, कारण वाफेची मोठी प्रेस तिच्या ताब्यात होती. चादर पसरायची, पायाने पॅडल दाबायचं, झाकण खाली यायचं, वाफेचा लोट तोंडावर यायचा, की चादर पुढे सरकवायची आणि दुसरी घ्यायची. हे काम बसून करता येत नाही. तिच्या पोटऱ्यांवर शिरा फुगून निळ्या दोऱ्यांसारख्या झाल्या होत्या आणि घरी जाताना जिना चढायचा म्हटलं की ती आधी पहिल्या पायरीकडे शत्रूकडे बघावं तसं बघायची. डॉक्टर म्हणाले होते, "उभं राहणं कमी करा." जशी काही ती हौसेनंच उभी राहत होती.

मग खुर्चीतल्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती दुसऱ्या गावी निघाली. हाउसकीपिंगच्या मोठ्या मॅडम लाँड्रीत आल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण कायम अर्ध्या झोपेतून उठवल्यासारख्या दिसायच्या. म्हणाल्या, "बाहेरून माणूस घ्यायला वरचे तयार नाहीत. तुमच्यापैकी कोणाला गेस्टशी इंग्रजीत बोलता येतं का?"

कोणी हललं नाही. आणि प्रेसवालीचा हात वर गेला. तिला स्वतःलाच तो वर गेल्यावर कळला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"मावशी, तुम्हाला येतं?" मॅडमनी विचारलं.

"थोडं थोडं. घरात आहे वातावरण."

"बघू. ही मुलगी महिनाअखेर जाईल. त्याआधी एक दिवस सकाळी तुम्हाला बसवते फोनवर. जमलं तर जमलं."

मॅडमची पाठ वळताच घडीवालीने हातातला टॉवेल तोंडावर धरून हसून घेतलं. घडीवाली म्हणजे चादरींच्या घड्या घालणारी, तिची रोजची जोडीदारीण. "काय गं ताई, घरात कसलं वातावरण? पावसाळी?"

"हस तू. मला बसायचंय."

यावर घडीवाली हसली नाही. बसायचंय म्हणजे काय, हे त्या खोलीत कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

वातावरण मात्र होतं, ते खोटं नव्हतं. तिचा नवरा याच हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी इंग्रजी गाणी गायचा. पांढरा झालरीचा शर्ट, काळा कोट, केस चापून बसवलेले. तो शर्ट इस्त्रीला खाली यायचा, कॉलर कडक पाहिजे म्हणून तो स्वतःही मागोमाग यायचा, आणि कॉलरच्या निमित्ताने लग्न जमलं. लाँड्रीतल्या बायका त्याला साहेब म्हणायच्या. साहेबाची गंमत एवढीच, की त्याला इंग्रजी येत नव्हतं. एक अक्षर नाही. तो कॅसेट लावून, थांबवून, पुन्हा लावून गाणं कानाने उचलायचा, आपल्या लिपीत उतरवायचा आणि घोटून पाठ करायचा. उच्चार असे, की परदेशी गेस्ट टेबलावरून उठून हात मिळवायला यायचे. ते काही बोलले, की हा छातीवर हात ठेवून वाकायचा आणि म्हणायचा, "थँक यू सो मच." उभ्या आयुष्यात एवढ्या एका वाक्यावर त्याने वेळ मारून नेली होती.

पुढे गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता तो घशातल्या घशात कुजबुजायचा. कोट एका पुतण्याला दिला. गाणी कोणाला देणार? ती आत तशीच राहिली, कुलुपात.

घरी आल्यावर तिने सुनेला गाठलं. मुलगा ट्रकवर असायचा, पंधरवड्यातून एकदा तोंड दाखवायचा. घरात ही तिघं. सून बालवाडीत शिकवायची. दिवसभर लहान मुलांना इंग्रजीत बसा, उठा, नाक पुसा सांगून घरी यायची, तेव्हा तिला कोणी हाक मारली तरी दचकायची.

"मला इंग्रजी शिकव," सासू म्हणाली.

सुनेने पर्स खाली ठेवली नव्हती. "आई, आत्ता?"

"आत्ता नाही. चहा पी, मग."

"मी दिवसभर तेच करून येते हो. तुम्ही तरी सोडा." मग तिला स्वतःचंच बोलणं लागलं असावं, कारण थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "बाबांना एवढी गाणी पाठ आहेत. ते एकेक ओळ सांगतील, मी भाजी चिरता चिरता अर्थ सांगेन. गाण्यातलं लवकर लक्षात राहतं. मुलांना आम्ही तसंच शिकवतो."

"मी काय बालवाडीत आहे?"

"फी नाही घेणार."

साहेब खिडकीपाशी बसला होता. त्याला विचारलं, तेव्हा त्याने गळ्यावरचा रुमाल सारखा केला. ऑपरेशननंतर त्याला कोणी गाणं मागितलं नव्हतं. तो लगेच उठून स्वयंपाकघरात आला, स्टूल ओढलं आणि डोळे मिटून कुजबुजायला लागला. सूर नव्हता, पण ठेका बरोबर होता. बोट ओट्यावर आपटत होतं.

असे वर्ग सुरू झाले. साहेब ओळ सांगायचा, सून सुरीवरून नजर न काढता अर्थ सांगायची आणि प्रेसवाली पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून तेच तेच घोकायची. सकाळी प्रेसपाशी पुन्हा घोकायची. पॅडल दाबलं की एक ओळ, सोडलं की दुसरी.

आठवड्याभरात तिला बरंच यायला लागलं आणि त्याबरोबर एक अडचणही कळली.

"अगं, या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का?" तिने सुनेला विचारलं. "सारखं तू आणि मी, तुझे डोळे, माझं काळीज. तुटलं, मोडलं, जळलं, पावसात भिजलं. टॉवेलला काय म्हणतात, ते एकाही गाण्यात नाही."

"टॉवेलला टॉवेलच म्हणतात, आई."

"आणि उशीचा अभ्रा?"

सुनेने आठवून बघितलं. "उशी आहे एका गाण्यात. पण ती रडून ओली झालेली आहे."

"मग ती लाँड्रीत येईल. चालेल. घे."

तरी म्हणी बऱ्या होत्या. तब्येत बरी नसली की हे लोक हवामानाच्या खाली असतात, आनंद झाला की चंद्राच्या वर जातात, हे तिला आवडलं. फार थकलेला माणूस आपल्या शेवटच्या पायांवर असतो, हे ऐकून तर ती सुनेकडे बघतच राहिली. "हे कोणी लिहिलंय? बाईने लिहिलं असणार." दुसऱ्या दिवशी तिने ती म्हण घडीवालीला शिकवली. मग दुपारी सामानाची गाडी ढकलत येणारा कोणीही दिसला, की दोघी त्याच्याकडे बघून गंभीरपणे म्हणायच्या, "ऑन हिज लास्ट लेग्ज." तो बिचारा बूट तपासायचा.

सगळं ठीक चाललं होतं आणि मग साहेबाने ते गाणं काढलं.

ते त्याचं खास गाणं होतं. हॉलमध्ये कोणाच्या लग्नाचा वाढदिवस असला, की मॅनेजर चिठ्ठी पाठवायचा आणि साहेब माइक हातात घेऊन त्या जोडप्याच्या टेबलापाशी जाऊन, बाईकडे थोडं झुकून, हे गायचा. संथ, मऊ, झोपाळ्यासारखं गाणं. लोक डोळे पुसायचे. स्वतःच्या मुलाच्या लग्नात, नवरा-नवरी खुर्च्यांवर बसलेली असताना, त्याने हेच गायलं होतं. आवाज चांगला होता तेव्हाचं ते शेवटचं मोठं गाणं.

त्याने पहिली ओळ कुजबुजली. सून कोबी चिरत होती. तिची सुरी थांबली.

"हे राहू दे ना बाबा. दुसरं घ्या."

"का? सोपं आहे. सावकाश आहे. हिला जमेल."

"अवघड शब्द आहेत त्यात."

"अवघड असू दे," प्रेसवाली म्हणाली. "सांग तू."

सुनेने सुरी खाली ठेवली. मग कोबीकडे बघत तिने सांगितलं. नवरा बायकोला सांगतोय, तू झोपली होतीस तेव्हा मी माझे शर्ट बॅगेत भरले. उद्या सकाळी कॉफी एकाचीच कर. माझी वाट बघू नकोस, मी तुझ्यावर प्रेम केलंच नव्हतं, मला फक्त एकटं राहायची भीती वाटत होती.

ओट्यावर आपटणारं बोट थांबलं होतं.

"नीट आठव," साहेब म्हणाला. "दुसऱ्या कडव्यात असेल काहीतरी."

"दुसऱ्या कडव्यात तो गाडीत बसतो."

कुकरची शिट्टी झाली. कोणी गॅस बंद केला नाही.

"तुला केव्हा कळलं?" त्याने विचारलं.

"लग्नातच. तुम्ही गात होतात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार, बाबा? नवी नवरी मी. आणि तुम्ही इतक्या मनापासून गात होतात." ती थोडी थांबली. "ह्यांना सांगितलं मी नंतर. हे म्हणाले, बाबांना सांगू नकोस."

म्हणजे घरात दोघांना माहीत होतं. हॉलमध्ये किती जणांना असेल? ती जोडपी डोळे पुसायची, ती कशामुळे? साहेब स्टुलावरून उठला, खिडकीपाशी गेला आणि पाठ करून बसला. प्रेसवालीच्या मनात आलं, मॅनेजरला तरी कुठे कळत होतं इंग्रजी. त्यालाही गाणं हळू असलं की पुरायचं. पण हे बोलून उपयोग नव्हता. गाणारा मॅनेजर नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी तिने स्टूल ओढलं, तर तो जागचा हलला नाही.

"पुरे आता," तो म्हणाला.

"पुरे कसं? मॅडमनी पुढच्या आठवड्यातला दिवस दिलाय."

"सुनेकडून शीक."

"तिच्याकडे वेळ कुठाय? ती तुमच्या ओळीवर चालते. आडात असेल तर पोहऱ्यात येणार."

"तुला कळत नाही," तो म्हणाला. कुजबुजताना राग आला की त्याचा श्वास फाटायचा. "माझ्याकडे तेवढंच उरलंय. तुम्ही एकेक काढून सोलून बघताय. आत असलं काहीतरी निघतंय. मला नको कळायला."

तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दिवसभर उभी राहून आलेल्या बाईचं वाईट वाटणं फार वेळ टिकत नाही. पोटरीत गोळा आला होता, तो दाबत ती म्हणाली, "तुमचं गाणं गेलं म्हणून माझे पाय जायचे का?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे जरा जास्त झालं. सुनेने नळ मोठा सोडला, भांडी घासायचं निमित्त करून.

रात्रीची जेवणं गुपचूप झाली. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तेव्हा साहेब स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेला होता.

"मी ओळी सांगतो," तो म्हणाला. "सांगून गॅलरीत जातो. दार लावतो. मग ती तुला काय अर्थ सांगायचा तो सांगू दे. मला ऐकवायचं नाही. जेवताना बोलायचं नाही."

"बरं."

"आणि हसायचं नाही."

"नाही हसणार."

मग तसं सुरू झालं. तो डोळे मिटून कडवं म्हणायचा, उठायचा, गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायचा. आत दोघी कुजबुजायच्या. आता सगळं घरच कुजबुजत होतं. काचेतून त्याची पाठ दिसायची. शेजारच्या गॅलरीतल्या म्हाताऱ्याने एकदा विचारलं, "काय हो, घरातून हाकललं की काय?" साहेब म्हणाला, "शिकवणी चाललीय."

एका गाण्यावर मात्र दोघींना हसू आवरेना. त्यात माणूस प्रेयसीच्या घराबाहेर रडत म्हणतो, माझं चुकलं, मी तुझा गुन्हेगार आहे, मला फक्त अजून एक संधी दे, मी सगळं भरून काढीन. "हे माफी मागायला बरं आहे," सून म्हणाली. "गेस्ट चिडले तर उपयोगी पडेल." तिने हे गमतीने म्हटलं होतं. प्रेसवालीने ते गाठीला बांधलं.

ठरलेल्या सकाळी ती खुर्चीत बसली. बसल्या बसल्या खुर्ची मागे सरकली आणि तिने टेबल घट्ट धरलं. मोठ्या मॅडम शेजारच्या टेबलावर, दुसरा फोन कानाला लावून ऐकत होत्या. दाराच्या फटीत घडीवालीचा एक डोळा होता.

पाय जमिनीवर टेकले होते आणि त्यांच्यावर वजन नव्हतं. हे एवढं चांगलं वाटेल, याची तिला कल्पना नव्हती. फोन वाजला, तेव्हा तिला क्षणभर त्याचा रागच आला.

पहिल्या बाईला दोन टॉवेल हवे होते. हिने "होल्ड ऑन" म्हटलं, मॅडमकडे बघितलं, मग "ऑन द वे" म्हटलं. झालं. दुसऱ्याला उशी हवी होती. तेही झालं. तिसरा गेस्ट आधीच चिडलेला होता. त्याचा कोट काल सकाळी इस्त्रीला दिलेला, अजून आला नव्हता, आणि त्याला बाहेर कुठेतरी जायचं होतं, जिथे कोटाशिवाय चालणार नव्हतं. तो भराभरा बोलत होता. तिला कोट कळला, काल कळलं, आवाजातला संताप कळला. बाकीचं वाहून गेलं.

मॅडमनी भुवया उंचावल्या. बोला.

आणि तिच्या तोंडून सबंध कडवं बाहेर पडलं. पाठ केलेलं, ठेक्यात, श्वास जिथे घ्यायचा तिथे घेऊन, साहेबाच्या उच्चारात. माझं चुकलं, मी तुझी गुन्हेगार आहे. रडू नकोस. मला फक्त अजून एक संधी दे, मी सगळं भरून काढीन, माझ्या जिवा.

मॅडमनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि डोळे मिटून घेतले. मग पलीकडून हसू आलं. गेस्ट हसत होता. त्याने कोणाला तरी जवळ बोलावलं, एक बाईचा आवाज आला, तीही हसली. तो परत फोनवर येऊन काहीतरी बोलला, आता सावकाश. मॅडमनी घाईघाईने मध्ये पडून माफी मागितली, कोट लगेच पाठवते म्हटलं. घडीवाली फटीतून आधीच पळाली होती. कोट प्रेसमागच्या दांडीवर लटकत होता, तो घेऊन ती लिफ्टकडे गेली.

मॅडमनी फोन ठेवला.

"काय म्हणाले ते?" हिने विचारलं.

"त्यांच्या बायकोने विचारलंय, हे परत एकदा म्हणाल का."

"म्हणू?"

"नको!" मॅडमनी कपाळ चोळलं. त्यांना हसू येत होतं की रडू, ते सांगता आलं नसतं. "मावशी, हे कुठे शिकलात?"

"गाण्यातून."

"तरीच." त्यांनी पेन खाली ठेवलं. हात टेबलावर होते, बोटांना पेनाची शाई. "हे बघा. आवाज चांगला आहे तुमचा. घाबरत नाही. उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. पण गेस्टला जीव म्हणायचं नाही. उद्या कोणी तक्रार केली, तर माझी पंचाईत. मी चार वाक्यं सांगते, तेवढीच बोलायची. एक मिनिट थांबा, सर. मी बघून सांगते, मॅडम. तसदीबद्दल क्षमस्व. वर पाठवत आहोत. याच्यापुढे एक शब्द नाही. गाण्यातलं सगळं गिळायचं."

"गिळते."

"आणि दुपारपर्यंतच. जेवणानंतर तुम्ही प्रेसवर. प्रेसला माणूस मिळेपर्यंत."

"कधी मिळेल?"

मॅडमनी खांदे उडवले. "मलाही अजून एक माणूस मिळायचा आहे. दोन वर्षं झाली."

म्हणजे अर्धी खुर्ची मिळाली. जेवणानंतर ती प्रेसपाशी उभी राहिली, तर पाय आधीपेक्षा जास्त दुखायला लागले. सकाळभर बसायची चव लागली होती त्यांना. घडीवाली म्हणाली, "अगं, अर्धी तरी मिळाली. मला बघ, पाव पण नाही." आणि लगेच, "ए, ते जीव कसं म्हणालीस गं? एकदा म्हण ना."

"गिळायला सांगितलंय."

"मग गिळून म्हण."

घरी येऊन तिने कोटाची गोष्ट सांगितली. सून ओट्याला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेब ऐकत होता. अर्थाचा भाग आला, तेव्हा तो गॅलरीकडे बघायला लागला, उठावं की बसावं अशा बेतात. पण उठला नाही. ती बाई हसली, हे ऐकल्यावर त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आवडलं म्हण की तिला."

"आवडलं."

"मग आता गाणी नकोत?"

"नकोत. चार वाक्यं दिलीत. ती पुरेत."

त्याने मान हलवली. सुटल्यासारखी, आणि थोडी अपमान झाल्यासारखीही. सून चहा ठेवायला वळली.

प्रेसवाली पलंगावर पाय लांब करून बसली आणि मॅडमची वाक्यं म्हणायला लागली. ती अगदी सपाट वाक्यं होती, धरायला चाल नाही, टेकायला ठेका नाही, तोंडातून निसटायची. वन मोमेंट, सर. वन मोमेंट, सर. वन मोमेंट. पाच-सहा वेळा ऐकल्यावर खिडकीकडून कुजबुज आली.

"तिथे श्वास घेऊ नकोस. सरच्या आधी घेतेस, म्हणून तुटतंय. आधी भरून घे, मग एका दमात. आणि सरवर खाली उतर."

"वन मोमेंट, सर."

"अजून खाली. मऊ. दार हळूच लोटल्यासारखं." तो उठून स्टूल घेऊन पलंगापाशी आला. बोट पलंगाच्या काठावर आपटायला लागलं. याचा अर्थ काय, हे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. "पुन्हा."

"वन मोमेंट, सर."

"थकलेलं ऐकू येतंय."

"थकलेच आहे मी."

"असशील. मीही असायचो." त्याने गळ्यावरचा रुमाल सैल केला. "ते वरच्यांना कळता कामा नये. पुन्हा म्हण."

तिने छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं.